लष्कऱ्याचे रंग

काम सोडलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. तब्येत कशी आहे आणि वेळ कसा जातो. मी जन्मभर गाड्या रंगवल्या, म्हणून मला तिसराही विचारतात, "पेंटर, तुमच्या हाताखालनं गेलेली सगळ्यात भारी गाडी कंची वो?" एखाद्या पुढाऱ्याच्या लांबलचक गाडीचं नाव येईल म्हणून समोरचा कान टवकारतो. मी म्हणतो, "गाडी न्हाय, बैल व्हता." मग तो माझ्याकडं जरा जपून बघायला लागतो. जन्मभर थिनरचा वास घेतल्यावर डोक्याचं असंच होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येतं.

थिनरचा काही दोष नाही. बैलच होता तो. फक्त त्याला चार टायर होते, बॉनेट होतं आणि अंगावर बंदुकीची गोळी अडवणारा पत्रा होता.

माझं दुकान परंडा रस्त्याला. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, एक खोकणारा कंप्रेसर आणि दारात रिकाम्या डब्यांची रास. आमच्या धंद्याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की पेंटर रंग देतो. रंग देणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. खरं काम घासायचं. जुना रंग पाणपेपरनं घासायचा, पोचा आला असेल तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, प्रायमर मारायचा, तोही घासायचा. ह्या सगळ्या काळात गिऱ्हाईक येऊन तोंड वाकडं करून जातं, कारण गाडी कोड फुटल्यासारखी दिसत असते. शेवटी रंगाची गन हातात घेतली की मात्र सगळं गाव बघायला जमतं. म्हणून मी घासकाम एकट्यानं केलं आणि गन कायम गर्दीत मारली.

आणि प्रत्येक गाडीच्या पाठीमागं डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतोच. तो फेकवत नाही, साठवला तर डब्यातच घट्ट होतो. माझ्या ह्या उरलेल्या रंगांचा एकच मालक होता. पलीकडच्या वाडीतले नाना.

नानांचे वडील विहिरी खोदायचा ठेका घ्यायचे. मोठं युद्ध संपल्यावर सरकारनं लष्करातल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. म्हातारा तिकडं दोर आणायला म्हणून गेला आणि तीन चिलखती गाड्या घेऊन आला. जवानांना आत बसवून गोळीबारातनं न्यायच्या असल्या गाड्या. वाडीत आल्या तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली म्हणे, पुन्हा कुठली पलटण आली म्हणून. त्यांतल्या दोन लवकरच बसल्या. त्यांचे पत्रे कापले गेले आणि पंचक्रोशीत पांगले. कुणाच्या मोटेच्या थारोळ्यात गेला, कुणाच्या दाराला लागला. नानांच्या आईनं त्यातला एक तुकडा चुलीवर ठेवून त्याचा तवा केला. तो तवा तापायला सकाळ जायची, पण एकदा तापला की साऱ्या गल्लीच्या भाकरी त्याच तापावर निघायच्या.

तिसरी गाडी टिकली. तिचं मागचं चिलखत उतरवून म्हाताऱ्यानं तिच्यावर यारी बसवली. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचा लोखंडी हात. मूळ इंजिन मेल्यावर डिझेलचं बसवलं. ह्या गाडीनं परंडा भागात किती विहिरी काढल्या त्याची गणती कुणी ठेवली नाही. नाना पोरवयापासून तिच्यावर. त्यांनी तिचं नाव ठेवलं लष्कऱ्या. आणि जो दगड ओढतो, पाणी लागेपर्यंत मागं हटत नाही, तो बैल नाही तर कोण, असं म्हणून एका वर्षी पोळ्याला त्याला बैलांच्या रांगेत शेवटी नेऊन उभा केला. लोक हसले. दुसऱ्या वर्षीही नेला. तिसऱ्या वर्षी नाना आजारी होते आणि लष्कऱ्या आला नाही, तर लोकच विचारत घरी गेले.

त्याच्यापुढं, बंपरच्या दोन टोकांना, दोन जाड आकडे होते, गाडी ओढून काढायचे. ती त्याची शिंगं. त्यांना हिंगूळ लावायचा, वर बेगड चिकटवायची. ताडपत्रीची झूल. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, तशी ह्याच्या मडगार्डला हळद आणि ग्रीस. आणि दरसाल अंगाला नवा रंग. तो रंग माझ्याकडचा. नाना श्रावणात दुकानात यायचे, डबे हुंगल्यासारखे बघायचे आणि म्हणायचे, "औंदा काय उरलंय, लिंबराज?" मी एकदा म्हणालो, "नाना, मागल्या सालचाच देऊ का? चांगला दिसला व्हता." तर म्हणाले, "बायकूला दरसाल येकच लुगडं घेतूस व्हय रं?" ते माझी बायको आत ऐकत असताना म्हणाले. त्या वर्षी मला दोन खर्च झाले.

पुढं पोकलेन आलं आणि विहिरी दिवसांत निघायला लागल्या. लष्कऱ्याचं काम सुटलं, पोळा सुटला नाही. वर्षभर नानांच्या अंगणात लिंबाखाली उभा. पोळ्याला हँडल मारायचं, काळा धूर काढत वेशीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं. ठेकेदाराची माणसं येऊन फक्की मारून गेली. पांढरी रेघ नानांच्या अंगणातनं, बरोबर लष्कऱ्याच्या पोटाखालनं गेली. ठेकेदाराचा मुकादम नानांच्या मुलाला, भीमरावला, म्हणाला, "पोळ्यापातुर ही गाडी हलवा. न्हायतर गॅस कटर घिऊन येतो. तुकडं करून आमीच न्हेतो."

गावात दुसरी जागा नव्हती असं नाही. पण जुनाट लोखंड आपल्या दारात उभं करून घ्यायला कुणी तयार होईना. तेवढ्यात भीमरावनं फोटो मोबाईलवर टाकला होता तो फिरत फिरत पुण्याला गेला, आणि देवधरसाहेब उगवले.

देवधरसाहेब म्हणजे नोकरीतनं मोकळे झालेले इंजिनिअर, गोलमटोल, पांढरा शर्ट. युद्धातल्या जुन्या गाड्या गोळा करून पहिल्यासारख्या करायच्या, हा त्यांचा छंद. आले ते नमस्कारसुद्धा न करता लष्कऱ्याच्या पोटाखाली शिरले. बराच वेळ नुसते बूट दिसत होते आणि आतनं "अहाहा!" "अरे वा रे वा!" असं ऐकू येत होतं. नाना मला म्हणाले, "ह्यास्नी तितंच च्या द्यावा का?"

बाहेर आले तेव्हा शर्टाचा नकाशा झाला होता. म्हणाले, "नाना, चासी तर खरी वाटते. पण अंगाचा पत्रा मूळचा आहे की नंतर कुणी चढवलाय, ते सगळ्यात खालचा रंग बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आम्ही असे फसलोय. तेवढं खरवडू द्या. मूळची असेल तर मी तिला अगदी कारखान्यातनं निघाली तशी करीन."

"म्हंजी हे रंग?"

"ते काढावे लागतील."

नाना उठले आणि लष्कऱ्याच्या बंपरवर जाऊन बसले. दोन आकड्यांच्या मधोमध. "त्येच्या अंगाला हात लावायचा न्हाय," म्हणाले.

भीमरावनं समजावलं. सुनेनं समजावलं. नव्वदीकडं झुकलेला माणूस, वर ऊन, खाली लोखंड, पण हलेना. शेवटी भीमराव वैतागून म्हणाला, "नाना, साहेबानं न्हेलं न्हाय तर कटर येतंय! तुमाला काय पायजे?"

तेव्हा नानांनी साहेबांकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला. "साहेब, गाडी न्ह्या. माझं काय जातंय. पर पोळ्याला तितं पुन्यात ह्येला जेवाय कोन घालील?"

देवधरसाहेब सरळ माणूस. "घालीन की" म्हणून मोकळे झाले असते तर काही बिघडलं नसतं. पण ते खरोखर विचार करत उभे राहिले आणि खरंच सांगितलं, "नाना, मला बैलाचं काही माहीत नाही हो. मी गाडी म्हणून नेतोय." नानांनी मान फिरवली. मीही दुसरीकडं बघायला लागलो. कारण त्या अंगणात उभी होती ती काही एकट्या नानांची गाडी नव्हती. माझ्या दुकानातनं गेलेल्या प्रत्येक वर्षाचा रंग तिच्या अंगावर होता, आणि तो कटरनं गेला काय किंवा खरवडून गेला काय, जाणारच होता.

पोळा अगदी तोंडावर. समोरच्या ओट्यावर एकजण बैलाचं शिंग काचेनं खरवडत बसला होता. पोळ्याच्या आधी शिंगं साळतात. वरचं जुनं, खडबडीत काढून टाकतात, मग त्याच्यावर रंग चढतो. ते बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"नाना," मी म्हणालो, "लष्कऱ्याची शिंगं कवा साळली व्हती?"

"कवाच न्हाय. लोखंडाची काय साळायची?"

"आन अंग?"

"तूच तर वरनं वर थापीत आलास."

"मग मला सांगा, इतकं साल जुन्या रंगावर नवा थापला. बैलाला असं करता व्हय? औंदा पावण्याघरी जायचंय त्येला. न साळता धाडनार?"

नाना बसल्या जागी वाकले. बोटानं बंपरवरची पोपटी खपली उचकटून बघितली. मग हळूच खाली उतरले. "सावकास घास," म्हणाले. "कातडं निघाय न्हाय पायजे."

मी आयुष्यात बऱ्याच गाड्या घासल्या. पण असली घासणी पुन्हा नाही. दारावर तळहाताएवढी जागा धरली, पाण्यात भिजवलेला पेपर घेतला आणि गोल गोल फिरवायला लागलो. अंगणात आधी चार माणसं होती, मग चाळीस झाली. घासकाम बघायला गर्दी जमलेली माझ्या जन्मात ही पहिली वेळ. मला तर चेवच चढला.

वरचा पोपटी गेला आणि खालनं आकाशी आला. मी ओरडलो, "तेरखेडा!" लोकांना काही कळेना. मग सांगितलं. तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्यानं माझ्याकडं टेम्पो रंगवायला आणला होता. म्हणाला, "कुठला बी मारा, पर लाल नको, केसरी नको, पिवळा बी नको. जाळासारका दिसल असला कुठलाच नको." मी म्हणालो, "मालक, तुमच्या धंद्याला तर तेच शोभतंय." तर म्हणाला, "शोभंस्तोवर ठीक हाय. पेटलं म्हंजी?" त्याला आकाशी मारून दिला. डिलिव्हरी द्यायला त्याच्याकडं गेलो तर दारू कालवायच्या खोलीच्या आणि माणसं बसायच्या खोलीच्या मधे एक जाड काळा पत्रा उभा. हातानं वाजवला, ओळखीचा निघाला. लष्कऱ्याचा भाऊ! लिलावातल्या दुसऱ्या गाडीची कूस तिथं अजून ड्यूटी करत होती. फटाकेवाला म्हणाला, "आजवर त्येच्यावर काय आलं न्हाय. न येवो." त्या पत्र्याला मी एक हात फुकट मारून दिला. आकाशीच.

आकाशीखालनं गडद हिरवा आला, त्यात जांभळी झाक. हा तुळजापूरच्या लॉजवाल्याचा. त्याला जीप देवीच्या शालूच्या रंगाची पाहिजे होती. नमुना म्हणून खणाचा तुकडा आणला. मी डब्यात रंग कालवून बरोब्बर लावला. तो म्हणाला फिका आहे. गडद केला. त्याची बायको म्हणाली काळपट झाला. मी पुन्हा कालवला. दोघंही खूश होऊन जीप घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी भांडत परत आले. उन्हात एक रंग दिसतो, सावलीत दुसरा, कुठला खरा? मी म्हणालो, "शालूचं बी तसंच असतंय की." तेव्हा दोघांनी एकदमच हात जोडले, मला नाही, तुकड्याला. त्या भानगडीत इतका रंग कालवला गेला होता की लष्कऱ्याला त्या वर्षी दोन हात बसले.

मग राणी कलर. हा बँडवाल्याच्या गाड्याचा. तो निघाला तशी गर्दीतनं एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो माझ्या लग्नातला!" त्याच्याखाली चंदेरी, त्याच्याखाली अबोली, त्याच्याखाली ट्रॅक्टरचा लाल. प्रत्येक रंगाची एक कड उरत गेली आणि दारावर रंगांची कडी तयार झाली, एकात एक. लोक आता पुढचा रंग कुठला निघेल यावर चहाच्या पैजा लावायला लागले. देवधरसाहेबांनी "पिवळा" वर पैज लावली आणि जिंकली, तेव्हा ते लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले.

माझ्या उमेदवारीतला पहिला हात निघाला, निळा. ब्रशनं मारलेला, सगळे फराटे दिसत होते. तो घासताना हात जरा थांबला. इतकं वाईट काम मी कधी केलं होतं हेच विसरलो होतो, आणि त्यावर नानांनी तेव्हा मला अख्खी पुरणपोळी बक्षीस दिली होती. मला फार बरं वाटलं आणि मी तोही घासून काढला.

त्याच्याखाली नानांच्या वडिलांनी लावलेला डांबराचा काळा. आणि काळ्याखाली सगळे वाट बघत होते तो लष्करी हिरवा. पण हिरवा आलाच नाही. फिका, पिवळसर, उन्हात वाळलेल्या मातीसारखा एक रंग आला. त्याच्याखाली थेट लोखंड.

गर्दीचा विरस झाला. एकजण म्हणाला, "हात् तिच्या, डुप्लिकेट निघाली." मी साहेबांकडं बघितलं. ते मटकन खाली बसले होते, आणि डोळ्यांत पाणी.

"अहो हा वाळवंटाचा रंग!" ते म्हणाले. "ही गाडी वाळवंटात लढायला गेली होती. तिथं हिरवी गाडी लांबून दिसते, म्हणून वाळूसारखी रंगवायचे. चासी परदेशातनं आलेली, पण हे चिलखत आपल्याच देशात घडवलेलं. इथं घडली, तिकडं लढली, परत आली. आता शंका नाही. नाना, ही खरी आहे!"

नानांनी तो रंग निरखून बघितला. मग अंगणातली चिमूटभर माती उचलली आणि दाराला लावून बघितली. "म्हंजी आदीपासनं आपल्याच मातीचा," म्हणाले. "मला कुनी सांगाया पायजे व्हतं व्हय?"

एका बाबतीत मात्र साहेबांनी नानांना निराश केलं. लष्कऱ्याच्या कुशीत एक खोल पोचा होता. ती जर्मनाची गोळी, असं नाना आम्हाला सांगत आले होते. साहेबांनी आतनं बाहेरनं हात फिरवून सांगितलं, गोळी नव्हे, हा मोठ्या दगडाचा आहे, विहिरीतला असणार. नाना पोच्यावरनं अंगठा फिरवत म्हणाले, "मग त्यो तात्या पाटलाच्या हिरीतला. लई कडू दगड व्हता. जर्मन बरा."

ट्रेलर आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी. पण ट्रेलरचा ड्रायव्हर निघाला बार्शीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं मडगार्डला हळद चोळणारे नाना बघितले, विचारलं, आणि चावी खिशात टाकली. "साहेब, पोळ्याला जनावर हलवत नसत्यात. परवा भरू." साहेबांनी कपाळाला हात लावला. पण चेहरा हसत होता, तो मी बघितला.

संध्याकाळी आवतण द्यायचं असतं. नाना लष्कऱ्याच्या डाव्या दिव्यापाशी वाकले, तिथं त्याचा कान, आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." साहेब शेजारी उभे होते. त्यांनी हळूच मला विचारलं, "हे बैलांना म्हणतात?" मी म्हणालो, "तर. बोलावल्याबिगार कसं येतील?"

दुसऱ्या दिवशी लष्कऱ्या नटला. घासलेली जागा मी तशीच ठेवली, बाकी अंगावर तो पोपटी, आकड्यांना हिंगूळ, पाठीवर झूल. नानांना आता स्टेअरिंग झेपेना, म्हणून ते शेजारच्या सीटवर बसले आणि साहेबांना म्हणाले, "हौस हाय न्हवं? धरा मग ष्टेरिंग." साहेबांना मोगऱ्याची माळ घातली, डोक्याला फेटा बांधला. ते इतके खूश झाले की आणखी काही सांगायचं आम्ही सगळेच विसरून गेलो.

सांगायचं होतं ते हे. लष्कऱ्याचं एक्सलेटर कधीच तुटलेलं. त्याजागी सुतळी होती, ती दाराजवळच्या खिळ्याला गुंडाळायची. सपाटीला एक वेढा, चढाला दोन, आणि थांबायचं असेल तर सोडायची. ब्रेक हा प्रकार नव्हताच. पुढं चढ येईपर्यंत धीर धरायचा.

वेशीत तोरण बांधलेलं. रीत अशी, की मानाचा बैल तात्या पाटलांचा, तो पहिला तोरणाखालनं जाणार, मग बाकीचे. लष्कऱ्या सगळ्यात मागं. बैलांच्या मंगलाष्टका संपल्या, हलगी कडाडली, आणि साहेबांनी, सुतळी कशाची ते इंजिनिअरच्या नजरेनं ओळखून, उत्साहात तिला दोन वेढे दिले.

पुढं काय झालं ते मला अजून आठवलं की एकटाच हसतो. लष्कऱ्यानं काळा धूर सोडला आणि निघाला. बैलं शहाणी, आपणहून बाजूला झाली. माणसं मागनं झाली. साहेब सुतळी सोडवायला बघतात तर गाठ बसलेली, ते "नाना! नाना!" ओरडतायत. नाना डोळे मिटून हात जोडून बसलेले, त्यांना वाटलं साहेब जयजयकार करतायत. मी मागनं पळतोय, हातात हिंगुळाचा डबा, आणि "सुतळी! सुतळी!" म्हणतोय, तर हलगीवाल्यांनी ती घोषणा समजून ठेका धरला. तात्या पाटलांचा मानाचा बैल वेशीपाशी तोंड वर करून उभा, त्याच्या नाकासमोरनं लष्कऱ्या गेला, तोरण तोडून, आंब्याची पानं शिंगांत अडकवून, थेट मारुतीच्या पाराच्या चढावर. तिथं धापा टाकत थांबला आणि भस्सकन बंद पडला.

हलगी थांबली. मानाच्या तोरणावरनं आमच्याकडं भावकी फुटलीय, डोकी फुटलीत. तात्या पाटील काठी टेकत टेकत पारापर्यंत आले. ते नानांच्याच वयाचे. साहेब फेट्यासकट उतरले आणि हात जोडून उभे राहिले. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. लष्कऱ्याच्या कुशीतल्या पोच्यावर काठी टेकवली.

"माझ्या हिरीतला न्हवं का ह्यो?"

"तुझ्याच," नाना म्हणाले.

"ब्रेक न्हाय ह्येला?"

"कवाच नव्हता."

"मग त्यो कसा थांबंल," तात्या म्हणाले. वळून ओरडले, "आरं, बघत काय बसलाव? दुसरं तोरण बांधा!" आणि जाता जाता काठीनं लष्कऱ्याच्या मडगार्डवर हलकेच वाजवलं. "पानी लागलं व्हतं बरं का त्या हिरीला. अजून हाय."

त्या वर्षी आमच्या वेशीला दोन तोरणं लागली. घरी आल्यावर नानांनी पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीला लावला. साहेब बारकाईनं बघत होते. दुसऱ्या दिवशी ट्रेलर निघाला तेव्हा नाना रस्त्यापर्यंत आले नाहीत. पांढऱ्या रेघेच्या अलीकडं उभे राहिले. म्हणाले, "पोळ्याला जेवाय कोन घालील, ते ऱ्हायलंच." साहेबांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

पुण्याला लष्कऱ्याला रंगवायला मीच गेलो. सगळे रंग काढले. कटर आला नाही, पाणपेपर आला, एवढाच फरक. साहेबांनी तो वाळूचा रंग नेमका कालवून घेतला, आणि म्हणाले, "लिंबराज, चमक अजिबात नको. सैन्याच्या गाडीला चमक म्हणजे मरण." जन्मभर गाड्या आरशासारख्या केल्या आणि शेवटच्या कामाला असं! हलवायाला बिनसाखरेचा पेढा वळायला सांगावं तसं झालं. पण मारला. एकही फराटा नाही, एकही ओघळ नाही, चमक तर नावाला नाही. आकड्यांनासुद्धा मातकट. मग गन धुऊन ठेवली, ती परत उचलली नाही.

रस्ता झाला. नानांच्या अंगणावरनं आता गाड्या सुसाट जातात. नाना उरलेल्या ओट्यावर बसतात. पुढच्या श्रावणात मी सवयीनं त्यांच्याकडं गेलो, रिकाम्या हातानं. पोळ्याच्या आदली, खांदेमळणीची संध्याकाळ होती. भीमरावचा मोबाईल वाजला, देवधरसाहेब.

"नाना, ते आवतण नेमकं कसं म्हणायचं? मी म्हणून बघितलं, पण मला खात्री वाटेना."

नानांनी फोन दोन्ही हातांत धरला. "साहेब, त्यो तुमचा आवाज वळखत न्हाय. फोन त्येच्या कानापाशी न्ह्या."

"डावा दिवा ना?"

"डावा."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग नाना त्या फोनवर वाकले आणि खणखणीत म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बोलून झाल्यावर फोन माझ्याकडं दिला आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले. मी तो बंद करून भीमरावला दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. पुण्याचं शेड, त्यात वाळूच्या रंगाचा लष्कऱ्या. जाळीला पुरणपोळी फासलेली, जरा जास्तच. आणि आकड्यांना हिंगूळ! साहेबांनी स्वतः लावलेला, प्रायमर न मारता, पार बंपरपर्यंत ओघळ आलेले. माझं इतकं सफाईचं काम आणि त्यावर हे ओघळ. मी ओरडलोच, "नाना, बघा काय केलंय साहेबानं!"

नानांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला. एकदा बघितलं, भीमरावला पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं.

"शिंगं साळली न्हाईत लेकाच्यानं," म्हणाले. मग मोबाईल मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघून तोंडभर हसले. "पर जेवला."